शहरे गटाची, एक तास आपला

वाचकांचे पत्र:

मी कोल्हापूरची. माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. येत्या जूनमध्ये मी आणि माझे यजमान (वय ६९) एका सहल कंपनीबरोबर युरोपला निघालो आहोत. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मग स्वित्झर्लंडमध्ये दोन मुक्काम, पॅरिस, जाता जाता ब्रसेल्स आणि शेवटी ॲमस्टरडॅम, असा कार्यक्रम आहे. पैसे भरून झाले आहेत. आता मुलगा म्हणतो, “आई, मेंढरांसारखे हाकलतील तुम्हाला, त्यापेक्षा दोघेच गेला असता.” जाऊबाई गेल्या वर्षी जाऊन आल्या. त्यांचे म्हणणे असे की, अर्धा युरोप त्यांनी बसच्या काचेतून पाहिला आणि उरलेला दुकानांतून. यजमानांचे गुडघे दुखतात आणि “मी आपला बसमध्येच बसून राहीन” असे ते आत्तापासूनच म्हणू लागले आहेत. माझी स्वतःची एकच मोठी इच्छा आहे. आमचे (कोल्हापूरचे, एकोणिसाव्या शतकातले) राजाराम महाराज फ्लॉरेन्सला वारले आणि तिथे त्यांचे स्मारक आहे, हे मी तीस वर्षे मुलांना सांगत आले. ते मला पाहायचे आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख नाही. गट सोडून तिथे जाता येईल का? आणि एवढी शहरे एवढ्या थोड्या दिवसांत खरोखर पाहून होतील का?

उत्तर:

आदरणीय बाई,

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही, एवढी शहरे एवढ्या दिवसांत पाहून होणार नाहीत. रोमसारख्या शहराला दीड दिवस देणाऱ्या सहलीत रोम पाहून होत नाही आणि तसे कोणी सांगत असेल तर त्याचे मनावर घेऊ नये. मात्र त्यामुळे सहल वाया जाते, हा चिरंजीवांचा निष्कर्ष मला मान्य नाही. ज्यांना परदेशी रेल्वेची वेळापत्रके, हॉटेलांची आरक्षणे, जिन्यांवरून चढवायच्या बॅगा आणि रात्री आठ वाजता शाकाहारी जेवण कुठे मिळेल ही विवंचना नको आहे, त्यांच्यासाठी गटाची सहल ही रास्त सोय आहे, आणि आपले वय व यजमानांचे गुडघे पाहता आपण जे केलेत ते योग्यच केलेत. प्रश्न उरतो तो एवढाच की, गटाच्या दिवसातून स्वतःसाठी एखादा तास कसा काढायचा. माझा अनुभव असा आहे की, प्रत्येक शहरात एकच गोष्ट ‘ही माझी’ म्हणून आधी ठरवून ठेवावी, तिच्यासाठी वेळ राखावा आणि बाकीचे शहर हळहळ न करता गटाच्या स्वाधीन करावे. स्मारकाबद्दल शेवटी लिहितो, कारण तिथे जाता येईल की नाही हे मधल्या काही गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिले काम घरी बसूनच करायचे आहे आणि ते आपल्या हातखंड्याचे आहे. उत्तरपत्रिका तपासावी तशी कार्यक्रमपत्रिका लाल पेन्सिल घेऊन तपासा, आणि तपासताना स्थळांच्या नावांपेक्षा क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘प्रवेशासह भेट’ असे लिहिले असेल तर तिकीट सहलीच्या पैशांत धरलेले असते आणि आपण आत जातो. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बस थांबते, पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि इमारत बाहेरून पाहायची असते. ‘ओरिएंटेशन टूर’ किंवा ‘पॅनोरॅमिक टूर’ असे भारदस्त शब्द असतील तर बहुतेक वेळा बस थांबतच नाही. डावीकडे हे, उजवीकडे ते, असे ध्वनिक्षेपकावरून ऐकत आपण पुढे जातो. आणि नुसते ‘पाहू’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ कंपनीला आत्ताच ई-मेल पाठवून विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. जाऊबाईंची तक्रार बहुधा इथेच उगम पावली आहे. त्यांनी काचेतून पाहिले तेही पत्रिकेत लिहिलेलेच असणार, फक्त ते वाचण्याची तसदी घरात कोणी घेतली नसावी. (आमच्या घरीही पहिल्या खेपेला कोणी घेतली नव्हती.)

फ्लॉरेन्सचेच उदाहरण घ्या. अनेक गटांना हे शहर प्रथम दाखवतात ते नदीपलीकडच्या टेकडीवरच्या पियाझ्झाले मायकेलअँजेलो या चौकातून. तिथून दिसणारे दृश्य खरोखर सुरेख आहे: आर्नो नदी, तिच्यावरचे पूल आणि ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेला कॅथीड्रलचा तांबूस घुमट. त्या चौकाच्या मधोमध डेव्हिडचा ब्राँझचा पुतळा आहे आणि अनेक प्रवासी तोच मायकेलअँजेलोचा डेव्हिड समजून छायाचित्रे काढून परततात. खाली गावात, पियाझ्झा देल्ला सिन्योरियामध्ये, दुसरी प्रतिकृती संगमरवरात आहे. मूळ पुतळा १५०४ पासून त्याच जागी उघड्यावर उभा होता. १८७३ मध्ये तो हलवला आणि आता तो अकादेमिया संग्रहालयात आहे. म्हणजे ‘डेव्हिड पाहू’ या दोन शब्दांचे तीन अर्थ होऊ शकतात आणि त्यांतला एकच अकादेमियाचा आहे.

त्याच पेन्सिलीने प्रत्येक तारखेपुढे वार लिहून काढा. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते. फ्लॉरेन्सची उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी उघडत नाहीत. आपला गट नेमका त्याच वारी तिथे पोहोचत असेल तर आत जायची आशा आधीच सोडलेली बरी, किंवा तारखा छापताना कंपनीच्या ध्यानातून हे सुटले असेल तर तेही आत्ताच विचारता येईल.

आता ‘मेंढरांसारखे हाकलतात’ या आक्षेपाबद्दल. हाकलतात हे खरे आहे, पण त्यामागचे कारण समजले तर राग निम्मा कमी होतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बसचालकाला दिवसाला नऊ तासच बस चालवता येते (आठवड्यातून दोनदा दहा तासांची सवलत असते), साडेचार तास चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटे थांबावे लागते आणि रात्री साधारण अकरा तासांची सलग विश्रांती घ्यावी लागते. हे सगळे बसमधल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात आपोआप नोंदले जाते, रस्त्यात पोलीस ती नोंद तपासतात आणि दंड जबर असतो. त्यामुळे “दादा, पाच मिनिटे थांबा की,” ही आपल्याकडे हमखास लागू पडणारी विनंती तिथे चालत नाही. माझ्या पहिल्या गट-सहलीत स्वित्झर्लंडहून निघताना दोन कुटुंबे घड्याळे घेण्यात गुंतली आणि पन्नास मिनिटे उशिरा आली. पुढे वाहतूक तुंबली. शेवटी पॅरिस अर्ध्या तासावर राहिले असताना चालकाने शांतपणे बस पेट्रोल पंपावर लावली, इंजिन बंद केले आणि सँडविच काढले. त्याचे साडेचार तास भरले होते. चाळीस माणसे त्या पंपावर पाऊण तास उभी होती आणि त्या रात्रीची सीन नदीतली नौकासफर हुकली ती हुकलीच. तेव्हापासून टूर मॅनेजरने ‘सव्वाचार’ म्हटले की मी चार वाजून दहा मिनिटांनी हजर असतो. आपल्यालाही पुढे एक सवलत मागायची आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून वेळेच्या बाबतीत आपले नाव चांगले राहिले पाहिजे.

यजमानांना बसमध्ये बसून राहता येईल असे त्यांना वाटते आहे, पण तसे होणार नाही, हे त्यांना आत्ताच सांगून टाका. इटलीच्या जुन्या शहरांच्या मध्यभागी मोठ्या बसला मज्जाव असतो. ती प्रवाशांना ठरलेल्या जागी उतरवते आणि दूरच्या वाहनतळावर निघून जाते. व्हेनिसमध्ये तर रस्ताच संपतो: बस त्रोंकेत्तो नावाच्या बेटावरच्या वाहनतळावर थांबते आणि तिथून बोटीने सान मार्को या मुख्य चौकाच्या धक्क्यावर जावे लागते. पिसालाही वाहनतळापासून मनोऱ्यापर्यंत चालणे किंवा लहान गाडी, यांपैकी एक करावे लागते. थोडक्यात, ज्या दिवशी शहर पाहायचे त्या दिवशी दहा-पंधरा हजार पावले पडतात आणि तीही रोममध्ये सान्पिएत्रिनी म्हणतात त्या काळ्या दगडी ठोकळ्यांच्या खडबडीत फरसबंदीवर. तेव्हा उद्यापासून रोज सकाळी दोघांनी रंकाळ्याला एक फेरी मारावी, आणि जे बूट सहलीत घालायचे आहेत तेच घालून मारावी. सहलीसाठी नवे कोरे बूट घेऊन विमानात चढणारी माणसे तिसऱ्या दिवशी लंगडताना मी अनेकदा पाहिली आहेत. गुडघ्याचा पट्टा, घडीची काठी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात. लूव्रमध्ये चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते आणि ती मागण्यात कमीपणा काही नाही. त्या दालनांची लांबी पाहिल्यावर धडधाकट माणसांनाही ती मागावीशी वाटते.

बसायचे कुठे, हा त्यांचा खरा प्रश्न असणार आहे. इटलीत कॉफीच्या दुकानात उभ्याने प्यायलेली कॉफी आणि खुर्चीत बसून प्यायलेली कॉफी यांच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि प्रसिद्ध चौकात तर तो डोळे पांढरे करणारा असतो. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांवर बसण्यास २०१९ पासून बंदी आहे. व्हेनिसमध्येही सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसू देत नाहीत. पण चर्चमधली बाके सर्वांना मोकळी असतात. रोममध्ये दर दोन गल्ल्यांआड एखादे चर्च आहे, बहुतेकांना प्रवेशशुल्क नाही, आत गारवा असतो आणि भिंतीवर पाहण्याजोगे काही ना काही असतेच. पाण्याचेही तसेच आहे. रोमच्या रस्त्यांवर नासोनी नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि त्यांचे पाणी पिण्याचे असते, म्हणून बाटली जवळ ठेवा आणि भरत राहा. जूनच्या अखेरीस रोमचे ऊन आपल्या एप्रिलची आठवण करून देते. स्वच्छतागृहांसाठी मात्र सुट्या नाण्यांची पुरचुंडी हवी. महामार्गावर पुष्कळ ठिकाणी नाणे टाकल्याशिवाय फाटक उघडत नाही.

आता शहरे. रोममध्ये गट आपल्याला कलोसियम दाखवील, त्रेव्हीच्या कारंज्यात नाणे टाकायला लावील आणि व्हॅटिकनला नेईल. व्हॅटिकनच्या दिवशी खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. साडी किंवा पंजाबी ड्रेस असेल तर काळजी नाही, पण उन्हाळा म्हणून यजमानांनी अर्धी विजार चढवली तर त्यांना सेंट पीटरच्या दारातूनच परत फिरावे लागेल. सिस्टीन चॅपेलचा प्रवेश आपल्या सहलीत धरलेला असेल, तर आत शिरताच भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळते का ते पाहा आणि मान वर करून दहा मिनिटे गप्प बसा. छायाचित्रे काढायला तिथे बंदी आहे आणि ती बंदी प्रवाशाच्या हिताची आहे, असे माझे मत आहे. छत १५०८ ते १५१२ मधले आणि वेदीमागची ‘अंतिम न्याया’ची भिंत त्यानंतर पाव शतकाने सुरू केलेली, दोन्हींमधला चित्रकार एकच, मायकेलअँजेलो, पण मधल्या काळात त्याचा स्वभाव किती काळवंडला, ते तिथे बसल्यावर कळते.

तरीही आपल्यासाठी रोममधली ‘आपली’ गोष्ट म्हणून मी फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मध्यवर्ती चौकाचे अवशेष, सुचवीन. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची रोमन काळातली छोटी ब्राँझमूर्ती आहे, आणि आपण मुलांना ती दाखवायला नक्की नेले असेल. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून दख्खनचा माल रोमकडे जात होता आणि तिकडून मद्याचे रांजण व अशा वस्तू येत होत्या, हे वर्गात सांगणाऱ्या बाईंनी त्या व्यापाराचे दुसरे टोक डोळ्यांनी पाहायला हवे. फोरममध्ये शिरण्याचे तिकीट आणि वेळ दोन्ही नसले तरी बिघडत नाही. पियाझ्झा व्हेनेझियाच्या आसपास मोकळा वेळ मिळाला, तर शेजारच्या कॅपिटोलिन टेकडीवर चढा. मायकेलअँजेलोने आखलेली वर जाणारी रुंद वाट जिन्यापेक्षा उताराच्या रस्त्यासारखीच आहे, म्हणून गुडघ्यांना फारशी टोचत नाही. वरच्या इमारतीला वळसा घालून मागच्या कठड्यापाशी गेलात की सबंध फोरम पायाखाली पसरलेला दिसतो: शनीच्या मंदिराचे खांब, सेप्टिमियस सेव्हेरसची कमान, आणि दूर टोकाला कलोसियम. त्या कठड्यासाठी एक पैसाही पडत नाही.

व्हेनिसमध्ये पर्यटकांच्या गटात पंचवीसपेक्षा अधिक माणसे असू नयेत आणि मार्गदर्शकाने ध्वनिवर्धक वापरू नये, असा नियम २०२४ पासून आहे, म्हणून आपला गट दोन भागांत विभागला जाईल. गोंधळून जाऊ नका. गोंडोला हा बहुतेक सहलींत वेगळ्या पैशांचा भाग असतो. नगरपालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, आणि तो माणशी नसून पूर्ण नावेचा असतो, एवढे ठाऊक असले की सहलीत मागितलेली रक्कम वाजवी आहे की नाही हे आपले आपल्याला ताडता येईल. माझ्या मते गोंडोलापेक्षा सान मार्कोच्या घंटाघरावर जावे. वर जायला उद्वाहक आहे, त्यामुळे यजमानही येतील, आणि व्हेनिस हे पाण्यावर तरंगणारे गाव आहे म्हणजे नेमके काय आहे, ते वरूनच समजते. हे घंटाघर १९०२ मध्ये सबंध कोसळले होते आणि १९१२ मध्ये जसेच्या तसे पुन्हा उभे राहिले, हे वर चढल्यावरच यजमानांना सांगावे, आधी नको.

स्वित्झर्लंडबद्दल लिहीत नाही. तिथे डोंगर आणि बर्फ आपले काम चोख करतात.

पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याचे तिकीट दुसऱ्या मजल्यापर्यंतचे असेल तर शेंड्यापर्यंत नेले नाही म्हणून खंत करू नये, कारण ११६ मीटरवरच्या त्या मजल्यावरून शहरातल्या इमारती ओळखता येतात, तर २७६ मीटरवरून पॅरिस नकाशासारखे सपाट दिसते. आपली गोष्ट म्हणून मात्र मी नोत्र दाम हे कॅथीड्रल निवडीन. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत त्याचे छप्पर आणि मनोऱ्याचे टोक जळून गेले. पाच वर्षे सुतार, गवंडी, काचकाम करणारे राबले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. आत जायला पैसे पडत नाहीत. शतकांची काजळी धुऊन निघाल्यामुळे आतला दगड आता इतका उजळ दिसतो की, बाराव्या-तेराव्या शतकातल्या माणसांना तो कसा दिसला असेल याची कल्पना येते.

ब्रसेल्सला तास-दीड तासच मिळेल आणि गट धावेल तो मानेकेन पिस या मूत्रविसर्जन करणाऱ्या बालकाच्या पुतळ्याकडे. तो जेमतेम दोन फुटांचाही नाही आणि भोवती दोनशे माणसे असतात. जाता जाता एक नजर टाका आणि उरलेला वेळ ग्राँ प्लास या चौकात घालवा. ॲमस्टरडॅमबद्दल दोन सूचना. ट्यूलिपची केउकेनहोफ बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, म्हणून जूनच्या गटाला ती दिसणार नाही. जाहिरातीतल्या चित्रावर विसंबू नका. आणि तांबड्या रंगाची वाट ही पायी चालणाऱ्यांची नसून सायकलस्वारांची आहे. तिथले सायकलस्वार घंटी वाजवतात, पण वेग कमी करत नाहीत.

जून महिन्याचा एक मोठा फायदा आपल्या ध्यानात आला नसेल. पॅरिसला त्या दिवसांत सूर्य रात्री पावणेदहाच्या पुढे मावळतो, ॲमस्टरडॅमला दहाच्या सुमारास. भारतीय जेवण बहुधा सात-साडेसातला उरकलेले असते. म्हणजे गटाचा दिवस संपल्यावरही दोन तास उजेड शिल्लक असतो आणि तो पूर्णपणे आपला असतो. अडचण अशी की, गटांची हॉटेले बहुतेकदा शहराबाहेर, विमानतळाजवळ किंवा महामार्गाला लागून असतात. म्हणून कंपनीला आत्ताच हॉटेलांची नावे विचारा आणि कोणत्या हॉटेलापासून मेट्रो किंवा रेल्वे स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे ते नकाशात पाहून ठेवा. चारपैकी एखाद्या शहरात तरी हे जमते. अशा वेळी एकट्याने न जाता गटातल्या आणखी एका जोडप्याला बरोबर घ्यावे. गर्दीच्या मेट्रोत आणि आयफेलच्या पायथ्याशी खिसेकापूंचा उपद्रव आहे. कोणी सहीसाठी कागद पुढे केला, मनगटात दोरा बांधू लागले किंवा रस्त्यावर वाट्यांखालची गोळी ओळखायला बोलावले, तर न थांबता चालू लागावे. पासपोर्ट कपड्यांच्या आत, गळ्यातल्या पिशवीत असावा आणि त्याची छायाप्रत बॅगेत वेगळी ठेवावी.

जाऊबाईंच्या दुकानांच्या तक्रारीत तथ्य आहे. व्हेनिसला काचकाम, फ्लॉरेन्सला चामड्याच्या वस्तू, पॅरिसला अत्तरे, ॲमस्टरडॅमला हिरे, अशी ‘प्रात्यक्षिके’ कार्यक्रमात पेरलेली असतात. पहिली दहा मिनिटे कारागीर काम करून दाखवतो आणि ती पाहण्यासारखी असतात. पुढची चाळीस मिनिटे विक्रीची. त्या चाळीस मिनिटांत आपण बाहेर पडून परिसर पाहू शकता. फक्त टूर मॅनेजरला सांगून जावे आणि परतण्याची वेळ व जागा कागदावर लिहून घ्यावी.

आणि आता आपले स्मारक.

तिथे जाता येईल, पण ते गावाच्या मध्यभागी नाही, हे आधी समजून घ्या. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नोच्या काठाने काशीने नावाचे तीन किलोमीटरहून अधिक लांबीचे उद्यान आहे. मुन्योने नावाचा ओढा त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आर्नोला मिळतो. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांचे फ्लॉरेन्समध्ये निधन झाले तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. शहरात दहनाची पद्धत नव्हती, तरी स्थानिक अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि दोन प्रवाहांच्या त्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. आपल्याकडे पंचगंगेच्या काठी जे झाले असते ते तिथे एका अनोळखी संगमावर झाले. १८७४ मध्ये त्या जागी स्मारक उभे राहिले: वर छत्री, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे आणि छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला तेच. जवळच्या मोठ्या पुलालाही स्मारकावरूनच ‘इंडियानो’ हे नाव मिळाले आहे.

आपण असे करावे. कंपनीला या आठवड्यातच पत्र पाठवून कळवावे की, फ्लॉरेन्समध्ये आपण दोघे स्वतःच्या जबाबदारीवर सुमारे दोन तास गटाबाहेर राहाल, आणि शहरात गटाला एकूण किती वेळ आहे, बस कुठे सोडणार व कुठून घेणार, हे विचारावे. तीन तास किंवा अधिक वेळ असेल तर निर्धास्त जा. दोनच तास असतील तर जाऊ नका. गट सोडून आपण पिसाच्या रस्त्यावर बस शोधत फिरावे, हे महाराजांनाही रुचले नसते. ट्राम काशीनेच्या एका टोकाला जाते, पण स्मारक दुसऱ्या टोकाला आहे आणि मधले चालणे यजमानांना झेपणार नाही, म्हणून टॅक्सीच करावी. इटलीत रस्त्यात हात दाखवून टॅक्सी सहसा थांबत नाही. ती थांब्यावरून घ्यावी लागते किंवा फोन करून बोलवावी लागते, आणि हे काम स्थानिक मार्गदर्शक दोन मिनिटांत करून देतो. जाताना सुमारे वीस मिनिटे धरा, तितकीच परतताना, आणि टॅक्सी उद्यानात जिथवर जाईल तिथून थोडे चालावे लागेल असे गृहीत धरा. सोडणाऱ्या चालकालाच थांबायला सांगा, मीटर चालू राहिला तरी चालेल. तिथून दुसरी टॅक्सी मिळवणे कठीण आहे. महाराजांचे नाव चालकाला कळणार नाही. ‘मोनुमेंतो आल्लिंदियानो, काशीने’ एवढे कागदावर रोमन लिपीत लिहून घेऊन जा. यजमानांना त्या दिवशी चालवेनासेच झाले, तर त्यांना पियाझ्झा देल्ला सिन्योरियामधल्या लोज्जिया या कमानींच्या खुल्या मंडपाच्या सावलीत, पुतळ्यांच्या संगतीत बसवावे आणि आपण गटातल्या एखाद्या मैत्रिणीला घेऊन जावे. कोल्हापूरची गोष्ट सांगितलीत तर येणाऱ्या दोघी-तिघी सहज निघतील आणि टॅक्सीचे भाडेही वाटले जाईल.

त्या प्रवासात महाराजांनी रोजनिशी ठेवली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८७२ मध्ये ती लंडनमध्ये छापून निघाली. आपणही एक वही न्यावी. मी तिथे गेलो तेव्हा पाऊस होता, भोवती धावण्याचा व्यायाम करणारी दोन मुले सोडली तर कोणी नव्हते, आणि ती छत्री व नवा राजवाडा यांच्यात एकाच माणसाचा हात दिसतो की नाही, हे मला काही केल्या ठरवता आले नाही. राजवाडा आपण रोज पाहता. आपल्याला काय वाटले ते परतल्यावर मला अवश्य कळवावे.